दिसता, पण ऐकू येत नाही

‘सर, तुम्ही दिसता आहात, पण ऐकू येत नाही!’ हे वाक्य अलीकडे आपल्याकडे ‘जेवण झाले का?’ इतके रूढ झाले आहे. ते पुष्कळ संसारी नवऱ्यांनाही लागू पडेल; पण तो विषय वेगळा.

आमच्या महाविद्यालयाच्या दोन इमारती, आणि मधे रेल्वेचे फाटक. बैठकीसाठी होणारी धावपळ वाचावी म्हणून कचेरीच्या कामाचे एखादे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले. टेबलावरच्या संगणकावरून समोरासमोर बोलण्याची सोय कोणाची चांगली, हे ठरवायला समिती नेमली गेली : पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, कचेरीतले भाऊसाहेब आणि मी. मराठीचा माणूस कशाला, असे विचारले तेव्हा प्राचार्य म्हणाले, ‘बोलण्याचाच प्रश्न ना? मग तो तुमच्याच खात्यात येतो.’

विक्रेते आले आणि त्यांनी काय काय दाखवले म्हणता! आमच्या पाठीमागची फुगलेली भिंत जाऊन तिथे समुद्रकिनारा आला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या. पण परीक्षेच्या तारखा ठरवणाऱ्याला समुद्रकिनारा काय करायचा? लग्नाच्या बोलण्यात मुलीकडच्यांनी नुसती मोटार पाहून परतावे, तसा हा प्रकार.

हे वेड तसे जुने आहे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकन टेलिफोन कंपनीने चित्र दाखवणारा फोन मांडला होता. १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात तो विक्रीलाही आला. महाग होता, चालला नाही. २००३ साली निघालेले स्काइप घरोघर पोचले, आणि मे २०२५ मध्ये बंद झाले. हे ऐकल्यावर भाऊसाहेबांनी विक्रेत्याला विचारले, ‘उद्या तुमचेही दुकान उठले, तर आमचे दप्तर कोणाकडे मागायचे?’ सर्व प्रश्नांत शहाणा प्रश्न हाच होता. उत्तर मिळाले नाही.

पदार्थविज्ञानवाल्यांनी विलंब मोजला. आवाज या टोकाहून त्या टोकाला दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्याहून फार उशीर झाला की दोघे एकदम बोलू लागतात, एकदम थांबतात, आणि सभेला लखनौच्या नबाबांची कळा येते. जो बोलेल त्याचे चित्र आपोआप मोठे करण्याची सोय मला गमतीची वाटली. कारण एका प्राध्यापिकेच्या घरी कुकरची शिट्टी झाली आणि बैठकीचे अध्यक्षस्थान काही क्षण त्या स्वयंपाकघराकडे गेले.

माझे मन मात्र दुसरीकडे अडकले होते. आमच्या ग्रंथपालबाईंना काही वर्षांपासून कमी ऐकू येते. समोरच्याचे ओठ पाहून त्या बैठक निभावतात, आणि हे फारच थोड्यांना माहीत आहे. पडद्यावर ते जमत नसे. तिथे त्यांचे ‘होय’ अंदाजाने येई. एकदा ग्रंथखरेदीची रक्कम घटवण्याचा ठराव त्यांच्याच ‘होय’ने संमत झाला!

म्हणून मी त्यांना एक दिवस आमच्या परीक्षणाला बसवले. आपोआप उमटणाऱ्या अक्षरांचा फार बोलबाला होता; पण आम्ही एका वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही बोलतो. अक्षरांनी ‘नॅक’चे ‘नाक’ केले, आणि नाक तपासायला समिती येणार असल्याचे पडद्यावर जाहीर झाले. बाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, ‘यापेक्षा मला तोंड दाखवा.’

गोम तिथेच होती. इंटरनेट अशक्त झाले की ही सॉफ्टवेअरे चित्राचा बळी देऊन आवाज वाचवतात. चारचौघांना ते हवेच असते. बाईंच्या दृष्टीने मात्र वाचवायचे तेच बुडते. त्यात सर्वांची चित्रे एकाच वाटेने त्यांच्या संगणकाकडे येणार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी जागा. बाकीच्यांनी कॅमेरे मिटले, तर बोलणाऱ्याचे ओठ स्वच्छ हलतात.

उपप्राचार्यांना सर्वांचे कॅमेरे सक्तीने उघडे हवे होते. माणसे झोपतात, असा त्यांचा आक्षेप. झोपणारी माणसे समोर बसूनही झोपतात, हे मी वर्गात रोज पाहतो. अखेर अहवालात आम्ही देखाव्याला शून्य गुण दिले आणि एक नियम सुचवला : बोलेल त्याने कॅमेरा उघडावा, तोंडावर उजेड घ्यावा, इतरांवर सक्ती नाही. निवडलेले सॉफ्टवेअर सर्वांत कमी झगमगाटाचे होते.

उजेडाची अडचण प्राचार्यांच्याच खोलीत निघाली. त्यांची खुर्ची वास्तुशास्त्राप्रमाणे खिडकीला पाठ करून. पडद्यावर नुसती काळी सावली दिसे. भाऊसाहेबांनी एका रविवारी शिपायाला घेऊन टेबल फिरवले आणि सोमवारी ‘पंख्याचा वारा नीट लागेल’ एवढेच सांगितले.

पुढच्या बैठकीत नियतकालिकांच्या वर्गणीला कात्री लावण्याचा विषय निघाला. प्राचार्यांचे वाक्य संपताच बाईंनी कॅमेरा उघडला, ‘नाही’ म्हणाल्या, आणि त्यानंतर वीस मिनिटे कोणालाच बोलू दिले नाही.