शहाऐंशीव्या मजल्यावर

उंच जागी गेले, की माणूस प्रथम आपले घर शोधू लागतो. पर्वती चढून गेलेला पुणेकर घ्या, नाही तर देवळाच्या गच्चीवर गेलेले शाळकरी पोर घ्या, "ती बघ आपली कौले!" असे म्हटल्यावाचून त्याला चैन पडत नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर माझी त्यामुळे पंचाईतच झाली. त्या अफाट नगरीत माझे म्हणावे असे एकही छप्पर नव्हते!

जमिनीपासून १०५० फुटांवरचा तो सज्जा. एकीकडे हडसन, दुसरीकडे ईस्ट रिव्हर, उत्तरेला सेंट्रल पार्कचा हिरवा पट्टा, आणि दूर बंदरात करंगळीएवढी स्वातंत्र्यदेवता. वारा असा, की सौभाग्यवतींनी पदर कमरेला खोचून माझा दंड धरला.

"मामा, १०२ मजले अवघ्या ४१० दिवसांत उभे केले!" भाचा सांगत होता. १७ मार्च १९३० रोजी काम सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी उद्घाटन. आमच्या गावात एका कुंपणाच्या भिंतीला तीन पावसाळे लागले होते, ते मला आठवले. पण गंमत पाहा. ते दिवस महामंदीचे. कचेऱ्यांना भाडेकरू मिळेनात. लोक इमारतीला 'एम्प्टी स्टेट', म्हणजे रिकामे राज्य, म्हणून हिणवू लागले. मात्र वरून शहर पाहायला माणसे पैसे मोजून येत, आणि त्या तिकिटांनीच मालकांना मोठा हात दिला. खिसा रिकामा असला तरी माणसाला उंचावरून पाहण्याची हौस असतेच. १९७० पर्यंत जगात हिच्याहून उंच इमारत नव्हती.

हे बांधकाम चालू असताना लुई हाइन या छायाचित्रकाराने मजुरांची चित्रे टिपली. पोलादी तुळईवर बसलेले, दोराला लोंबकळणारे ते गडी पाहिले, की मला माझे वडील दिसतात. वडील मुंबईत गवंडी होते. जन्मभर परांचीवर उभे राहून त्यांनी दुसऱ्यांची घरे बांधली. वास्तुशांतीचे जेवण होईतो त्यांची थापी दुसऱ्या पायावर पोचलेली असे. सुटीच्या दिवशी मला ते दादरच्या रस्त्यावर उभे करीत आणि वर बोट दाखवीत: "चौथ्या मजल्याची ती भिंत माझी." त्या दाराने आत जायचा त्यांना कधी प्रसंग आला नाही. लोक वरून आपले घर शोधतात. माझ्या बापाने खालून आपली भिंत शोधली.

सज्ज्यावर सगळे कठड्याला खेटून खाली पाहत होते. मी वळून मागच्या दगडी भिंतीवरून हात फिरवला. सांधे कसे ओळंब्यात होते!

"एवढ्या लांब येऊन भिंत काय बघता?" सौभाग्यवतींनी विचारले.

"ओळखीची वाटली," मी म्हणालो.