मुंगसाचा इंग्रजी प्रवास

इंग्रजी 'मंगूस'च्या शेपटाला 'गूस', म्हणजे हंस, चिकटलेला दिसतो. पण त्या प्राण्याचा हंसाशी काडीचा संबंध नाही. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचे रूप देण्याची सर्वच भाषकांना जुनी खोड आहे. मूळ शब्द आपला मुंगूस. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये मुंबईहून जुन्नरपर्यंत जाऊन आला. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनातील या शब्दाचा उल्लेख इंग्रजीतील सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी आहे.

त्याआधी तो पोर्तुगिजांच्या तोंडी बसला असावा, असे कोशकारांचे अनुमान आहे. पनवेलकराला ते सहज पटावे. आमच्या खाडीपलीकडचे करंजे, खालचे चौल, वरची वसई ही सारी त्यांचीच ठाणी होती. वसई १७३९ मध्ये पडली, चौल १७४० मध्ये सुटले.

येथे थांबून 'मराठीची इंग्रजीला देणगी' अशी पाटी लावण्याचा प्रघात आहे. माझ्या मते खरी कथा याच्या मागे आहे. संस्कृतात हा प्राणी नकुल. हिंदीतील नेवला त्याच नकुलाचा वंशज. मराठीच्या रोजच्या बोलीत मात्र तो वारसा टिकला नाही. कन्नडमध्ये मुंगुसी, तेलुगूत मुंगिस. आपला शब्द याच द्राविडी कुळातला. हे ऐकून माझ्या एका सहाध्यायाने खिन्नपणे विचारले, "म्हणजे मुंगूससुद्धा आपले नाही?"

हा प्रश्नच मला अनैतिहासिक वाटतो. देवगिरीच्या यादवांचे शिलालेख संस्कृतात आहेत, मराठीत आहेत आणि कन्नडमध्येही आहेत. ज्या प्रदेशात एकच राजसत्ता इतक्या भाषांत दगड कोरते, तेथे शेताच्या बांधावर दिसणाऱ्या जनावराचे नाव लोक पोथीत शोधत बसत नाहीत. शेजारी जे म्हणतो तेच म्हणतात. मुंगसाला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी ते नाव कधी परके मानले?

शब्दाची भ्रमंती पुढेही चालू राहिली. १७८८ मध्ये ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील पट्टेदार जातीला 'मुंगो' हे शास्त्रीय नाव दिले. १८७२ मध्ये उसाच्या मळ्यांतील उंदरांवर उपाय म्हणून कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेण्यात आली. त्यांची संतती १८८३ मध्ये हवाई बेटांवर पोहोचली. बंगालीत या प्राण्याला बेजी म्हणतात. जनावर गेले बंगालमधून, नाव मात्र दख्खनचे.