माती, गादी आणि काठी

खाशाबा जाधव यांचे नाव उच्चारले की १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील कांस्यपदक आठवते. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे वाट पाहावी लागली. मला मात्र त्या पदकाइतकीच त्याआधीची चार वर्षे मोलाची वाटतात. घरातील एका वृद्ध मल्लाची काळजी घेताना त्या चार वर्षांचा मला फार उपयोग झाला.

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर येथे जन्मलेल्या खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे वडिलांकडूनच मिळाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना, कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने, ते १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. तेथे माती नव्हती, गादी होती. वजनाचे गट, वेळेची मर्यादा आणि गुणांचा हिशेब, सारेच लाल मातीत घडलेल्या मल्लाला परके होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. परतल्यावर त्यांनी गादीला नावे ठेवली नाहीत. तिचे नियम आत्मसात केले आणि चार वर्षांनी अधिक वजनाच्या, ५७ किलोच्या गटात पदक जिंकले. या दुसऱ्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. ढाक हा खाशाबांचा हातखंडा डाव मातीतलाच होता. गादीवर उतरताना तो त्यांना टाकून द्यावा लागला नाही.

माझे सासरे, आम्हा सर्वांचे अण्णा, आज ७९ वर्षांचे आहेत. पैठण तालुक्यातील त्यांच्या गावी आणि आसपासच्या जत्रांतून त्यांनी तरुणपणी पुष्कळ कुस्त्या मारल्या. पुढे एस.टी.त नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ते सिडकोतील आमच्या घरी राहू लागले. रोज पहाटे हिमायतबागेत फिरायला जाण्याचा त्यांचा नेम अनेक वर्षे टिकला. मग गुडघे बोलू लागले. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले की दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा झिजली आहे, उजवा अधिक दुखावला आहे आणि मांडीचे स्नायूही रोडावले आहेत. त्यांनी व्यायाम सांगितला, वजन उतरवायला सांगितले आणि चालताना काठी वापरण्याचा सल्ला दिला.

व्यायाम अण्णांना मान्य होता, काठी नव्हती. "सूनबाई, ज्या हातांनी शड्डू ठोकले, त्या हातात काठी धरू?" एवढेच ते म्हणाले. हळूहळू हिमायतबाग सुटली. नंतर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणे थांबले. एका पावसाळ्यात ते न्हाणीघरात घसरले. हाड मोडले नाही, पण मनातला धीर मोडला. भिंत धरूनच ते घरात वावरू लागले. बैठका कधीच्या थांबल्या होत्या, खुराकाची सवय मात्र कायम होती. वजन वाढले आणि रक्तातील साखरही वर सरकली. काठीने म्हातारपण दिसेल, या भीतीपोटी म्हातारपण घरभर पसरत चालले होते.

आमचा मुलगा शाळेच्या संघातून गादीवरची कुस्ती खेळतो. "गादीवरची कुस्ती म्हणजे अंथरुणातली कुस्ती," असे म्हणून अण्णा त्याला चिडवीत. खाशाबांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणासाठी नातवाने आजोबांना मदत मागितली आणि अण्णांनी त्याला लंडनची ती हकिकत रंगवून सांगितली. मी भाजी निवडत ऐकत होते. शेवटी सहज म्हटले, "अण्णा, खाशाबांना बाविसाव्या वर्षी माती सोडून गादीवर उतरावे लागले. तुमची गादी आता आली आहे, एवढेच." ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "गुलमंडीवर जाऊ. काठी मी निवडणार."

काठी निवडणे हीदेखील एक विद्या आहे, हे आम्हाला फिजिओथेरपिस्टने शिकवले. पायात नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे आणि हात सैल सोडावेत. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे ती धरल्यावर कोपर किंचित वाकते. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. टोकाचे रबर झिजले की बदलायचे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, हा अण्णांचा नवा बैठकांचा प्रकार. सुरुवातीला पाच, आता दहा. शेजारी कोणी तरी उभे असते. न्हाणीघरात भिंतीला पकडदांडा आणि खाली न घसरणारी चटई आली. जेवणात तूप आणि भात कमी झाला, डाळी राहिल्या. वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हा हिशेब पैलवानाला चटकन पटतो.

खाशाबांचे पुढचे आयुष्यही आम्ही घरात पुन्हा वाचले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. तरी ते पोलीस दलातील स्पर्धांत उतरले, इतरांना शिकवीत राहिले आणि सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. खेळाडूची कारकीर्द थोड्या वर्षांची असते. ज्या देहाने ती घडवली, त्याच्याशी मात्र शेवटपर्यंत संसार करावा लागतो.

अण्णा काठीशी पुरते रुळले आहेत, असे मी म्हणणार नाही. कोणी छायाचित्र काढू लागले की ते काठी माझ्या हाती देतात, आणि मीही ती मुकाट्याने पदराआड धरते. आधार देणाऱ्याने आधार घेणाऱ्याचा मान राखायचा असतो; एरवी कितीही शास्त्रशुद्ध काठी दाराआडच उभी राहते. आठवड्यातून तीन सकाळी ते पुन्हा हिमायतबागेत जातात. तिथे पोचले की आधी झाडाखालची माती चिमटीत घेऊन कपाळाला लावतात आणि मग काठी टेकवीत पहिली फेरी सुरू करतात.