मनीला भोंगा नव्हता

काजूला दवाखान्यातून घरी आणलं त्या रात्री ती उलटी चालत पलंगाखाली गेली. तोंड आमच्याकडे, पावलं मागे. पाठ भिंतीला टेकली तेव्हाच थांबली. मांजराला समोर काही अडलं की ते मागे सरतं. इथे अडवणारी वस्तू गळ्यातच बांधलेली, म्हणून ती सरतच राहिली. पोटावर नसबंदीचे टाके आणि गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. डॉक्टर त्याला ई-कॉलर म्हणतात. इंग्लंडात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात, म्हणजे १५५८ ते १६०३ या काळात, तिथले बडे लोक गळ्याभोवती खळ घातलेली, चुण्यांची गोल कॉलर मिरवत, तिच्यावरून हे नाव पडलं. आमच्या घरात तो भोंगाच.

गिरगावातल्या आमच्या चाळीत मनीच्या गळ्यात काहीच नव्हतं. पट्टा नाही, घुंगरू नाही. ती एका बिऱ्हाडाची नव्हतीच. दूधभात आमच्याकडे, माशाची डोकी कोळीण आली की जिन्यात, दुपारची झोप समोरच्या काकूंच्या शिवणाच्या मशीनवर. बोक्यांच्या भांडणात तिला लागलं तर ती दिसेनाशी व्हायची. माळ्यावर, नाहीतर अडगळीच्या खोलीत. “चाटून चाटून होईल बरी,” आजी म्हणायची, आणि आम्ही तेच खरं मानायचो. कधी व्हायचीही. कधी परतायचीच नाही, आणि मग आठ-पंधरा दिवसांनी आम्ही दुसऱ्याच एखाद्या मांजरीला मनी म्हणायला लागायचो. माझ्या लहानपणी अशा किती मनी होऊन गेल्या, हे मला आज सांगता येत नाही. याचं आता वाईट वाटतं.

चाटून जखम बरी होत नाही, चिघळते. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात, त्यांची टोकं घशाकडे वळलेली. केस विंचरायला ती जीभ उत्तम, ओल्या जखमेवर मात्र कानशीच. टाक्याचा धागा तीत अडकला तर उपसून निघतो. म्हणून दहा ते चौदा दिवस भोंगा. या दिवसांत काजू दया येईल अशा नजरेनं बघणार, आणि आपण तो काढायचा नाही.

आमच्या वेळी दया नव्हती असं नाही, माहिती नव्हती. जखमेवर कुणी हळद दाबायचं, कुणी फिनेलचं बोट लावायचं. फिनेल मांजराला विष आहे. त्याचं यकृत ते पचवू शकत नाही. तापलेल्या मांजराला माणसाची पॅरासिटामॉलची गोळी दिली तर ती जीव घेते. हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचं, आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल अख्ख्या मुंबईला माहीत. पण लोक त्याला म्हणायचे बैलघोडा हॉस्पिटल. त्या नावात मांजर कुठेच नव्हतं, आणि मनीला उचलून परळला न्यावं हे आमच्या मनातही कधी आलं नाही.

आता सगळं घर काजूच्या भोवती वाकलं आहे. पहिल्या दिवशी ती जेवली नाही. वाटीच्या काठाला भोंगा खटकन आपटायचा आणि ती दचकून मागे सरायची. मग आम्ही वाटी बाजूला केली, भोंग्याच्या तोंडात मावेल अशी छोटी बशी घेतली, ती पालथ्या डब्यावर ठेवली आणि बोटावर थोडं कोंबडीचं पाणी घेऊन तिच्या नाकाशी धरलं. तिनं बोट चाटलं, मग बशी. तेव्हा कुठे आमच्याही घशाखाली घास उतरला. मांजर पूर्ण दिवस उपाशी राहिलं तर डॉक्टरांना फोन करायचाच; उपास त्याच्या यकृताला झेपत नाही. मातीच्या ट्रेचं झाकण काढलं. पलंगापासून ट्रेपर्यंतच्या वाटेतली स्टुलं उचलली. खिडकीच्या कट्ट्यावर जायची वाट बंद केली, कारण भोंग्यामुळे बाजूचं दिसत नाही आणि उडीचा अंदाज चुकतो. आवाजही कुठून आला ते कळत नाही, म्हणून आता तिच्याशी समोर बसून, हळू बोलायचं. गळा आणि पट्टी यांच्यामध्ये दोन बोटं जातात ना, हे रोज बघायचं. जेवणानंतर ओल्या फडक्यानं हनुवटी पुसायची.

आणि कान खाजवायचा. तिचा पाय कानापर्यंत जातो, पण प्लॅस्टिकवर खरखर वाजून परत येतो. ती खरखर ऐकली की घरातलं जे कुणी जवळ असेल ते जाऊन भोंग्यात हात घालतं आणि कानामागे खाजवतं. डोळे मिटून ती मान हातात सोडून देते. मनीनं अशी मान माझ्या हातात कधी सोडली नव्हती. तिला आमची गरजच नाही, असं आम्ही समजायचो. तिचा मानीपणा आम्हाला फार आवडायचा. आजही आठवला की आवडतो. पण त्या मानीपणाच्या आधारानं आम्ही किती गोष्टींतून मोकळे झालो, तेही आता दिसतं.

तरी एक गोष्ट गेली ती गेली. मनी व्याली की चाळीतली सगळी पोरं सकाळी दात घासायच्या आधी माळ्याखाली जमायची. “उघडले का?” एवढाच प्रश्न. कुणीतरी स्टुलावर चढून बघायचं आणि मान हलवायचं. नाही. शाळेतून आल्यावर पुन्हा. आठव्या-दहाव्या दिवशी एखाद्या पिल्लाच्या एका डोळ्याला बारीक फट पडायची, आत निळसर पाणी चमकायचं, आणि ही बातमी तिन्ही मजल्यांवर पोचायची. मग मनी पिल्लांना मानेला धरून दुसरीकडे हलवायची. सात घरं फिरवते म्हणायचे. आमच्याकडे पाळी कधी येणार म्हणून आम्ही वाट बघायचो, जुनं लुगडं घडी करून कोपऱ्यात घालून ठेवायचो.

पुढचंही सांगायला हवं. पिल्लं दूधभात खाऊ लागली की एका रात्री मोठी माणसं त्यांना पोत्यात घालायची आणि मासळीबाजारात सोडून यायची. “तिथं खायला मिळतं,” असं आम्हाला सांगितलं जायचं. त्यानंतर दोन-तीन रात्री मनी जिने चढत-उतरत ओरडत राहायची. आम्ही गोधडी डोक्यावर ओढून घ्यायचो. तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि काजूच्या पोटावरचे टाके बघताना त्या आवाजासाठीच मला ते टाके बरोबर वाटतात.

परवा चौदावा दिवस होता. या वेळी रोज सकाळी दात घासायच्या आधी टाकेच बघत होतो. लाली आहे का, सूज आहे का. डॉक्टरांनी टाके काढले, भोंगा सोडला. घरी आल्यावर काजू पाऊण तास स्वतःला चाटत बसली, पंजे, पोट, शेपटीचं टोक, सगळं. आम्ही समोर जमिनीवर बसून बघत होतो. नंतर ती उठली, कानामागे आपल्या पायानं खाजवलं आणि खिडकीत जाऊन बसली.

भोंगा साबणानं धुऊन, पुसून माळ्यावर ठेवला आहे. तीन किलोच्या मांजराला बसतो. कुणाला लागला तर घेऊन जा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत काढू नका.