मोजपट्टी आणि बाबागाडी

बाबागाडी ही वस्तू आमच्या घराण्यात कधीच नव्हती. आम्ही सारी भावंडे आईच्या कडेवर वाढलो. अंगाने जरा भरलो की थोरल्या बहिणीच्या कडेवर आमची बदली होई आणि पायांत बळ येऊ लागले की माळ्यावरचा पांगुळगाडा खाली उतरे. आमच्या आजोबांनी घराच्या बांधकामातून उरलेल्या सागाच्या लाकडाचा तो सुताराकडून करवून घेतला होता. त्याला तीन चाके होती. ती फिरताना अशी करकरत, की पोर ओट्यावर आहे की अंगणात गेले, हे चुलीपाशी बसलेल्या आईला नुसत्या आवाजावरून कळे. त्यामुळे ‘मामा, हल्ली इकडे तीन चाकांच्या गाड्यांची नवी पद्धत आली आहे’, असे भाच्याने मेलबर्नहून फोनवर सांगितले, तेव्हा आम्हाला हसू आवरले नाही.

परंतु बाबागाडीचा विषय ज्या कारणाने निघाला, ते हसण्यासारखे नव्हते.

आमचा मुलगा आणि सूनबाई पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतात व दिवेलागणीनंतर परततात. नात दिवसभर आमच्यापाशी असते. आमच्यापाशी म्हणजे खरे पाहता तिच्या आजीपाशी. आमचा वाटा पेपर वाचता वाचता ‘अरे अरे’ म्हणण्यापुरता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये संततधार लागली असताना सौभाग्यवती ओल्या ओट्याच्या पायरीवरून घसरली. नात कडेवर होती. पडताना माणूस दोन्ही हात टेकतो. हिने डावा हात पोरीभोवती तसाच ठेवला आणि अंगाचा सारा भार उजव्या मनगटावर घेतला. अकरा महिन्यांच्या त्या जिवाला खरचटलेसुद्धा नाही. मनगटाजवळचे हाड मात्र मोडले. सहा आठवडे प्लास्टर आणि गळ्यात हाताची झोळी.

प्लास्टर निघाले, पण मुठीतली ताकद परत आली नाही. लोणच्याच्या बरणीचे झाकण तिला फिरवता येईना. तरी आमची पाठ वळली की ती पोरीला उचलत असे. एका दुपारी आम्ही वाडीत गेलो, तर डाव्या कडेवर नात आणि उजवा हात छातीशी धरून ही माडाला टेकून उभी. डोळे मिटलेले. कळ जाण्याची वाट पाहत होती. त्या रात्री आम्ही बाबागाडीचे नाव काढले.

“पोर म्हणजे काय भाजीची हातगाडी आहे, ढकलत न्यायला?” ती कडाडली. “माझ्या आईने डोक्यावर भाजीची पाटी आणि कडेवर मला घेऊन रोज स्टेशन गाठलं.” एवढ्यावर थांबली असती तर तो नेहमीचा वाद ठरला असता. थोड्या वेळाने ती खालच्या आवाजात म्हणाली, “सरळ सांगा ना, की माझ्या हातात आता पोर द्यायला तुम्ही सगळे भिता.”

त्याआधीच्या रविवारी सूनबाईने स्टेशनजवळच्या एका पाळणाघराची चौकशी करून आणली होती. ती बिचारी सासूच्या काळजीनेच बोलली होती. पण आमच्या घरात त्या दिवसापासून भांड्यांचे आवाज वाढले होते. गाडी आणावी तर हिला तो तिच्या पराभवाचा दाखला वाटणार, न आणावी तर पोर पाळणाघरात जाणार, अशा कात्रीत आम्ही सापडलो.

आम्ही चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. संकटकाळी कोणी जपमाळ हाती घेतो, आम्ही मोजपट्टी घेतो. आम्ही दारापासून चर्चपर्यंतची वाट मोजली. वाडीतली मातीची पायवाट, पुढे पेव्हर ब्लॉकचा रस्ता, त्यातल्या खचलेल्या लाद्या, आणि वळणावर गटाराची लोखंडी जाळी. जाळीच्या पट्ट्यांमधील अंतर सव्वा इंच भरले आणि पट्ट्या नेमक्या वाटेच्या दिशेने बसवलेल्या. सायकलवाल्यांना ही जाळी चांगलीच ठाऊक आहे. अरुंद चाक तिच्यात गेले की अडकलेच. ओळखीच्या रिक्षावाल्याची परवानगी घेऊन त्याच्या मागच्या बैठकीपाठची सामानाची जागाही मोजली. त्याने “मास्तर, रिक्षा घेताय का?” असे विचारले.

याच सुमारास आम्ही बालवाहनांविषयी मिळेल ते वाचून काढले. १७३३ साली विल्यम केंट या इंग्रज कलावंताने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी रचली होती व ती ओढण्यासाठी लहानसे जनावर जुंपण्याची सोय होती. पुढे दोन शतके या गाड्या श्रीमंतांच्या दारात शोभेसारख्या, जड आणि अवाढव्य राहिल्या. त्यांचे ओझे कोणी उतरवले? एका आजोबांनी! ओवेन मॅक्लारेन हे स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेले अभियंते. त्यांची लेक अमेरिकेहून नातीला घेऊन आली आणि सोबतची गाडी हलवता हलवता सारे घायकुतीला आले. १९६५ साली या गृहस्थांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीप्रमाणे मिटणारी गाडी सिद्ध केली. वजन तीन किलोच्या आत. विमानाची चाके मिटवण्याच्या विचारात आयुष्य घालवलेल्या माणसाने नातीसाठी ती विद्या वापरावी, याचे आम्हाला फार अप्रूप वाटले. तीन चाकांची गाडी त्याच्या बरीच नंतरची. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात याकिमा गावच्या एका वृत्तपत्रीय गृहस्थाला लेकराला घेऊन धावायला जायचे होते. त्याने १९८४ साली बाबागाडीला सायकलची चाके बसवली. भाच्याने पाठवू केलेली गाडी याच कुळातली. बारा इंची हवेची चाके, आणि मिटली तरी रिक्षा अडवून बसेल असा देह. आम्ही तर आता सुटलेल्या लोकलमागेही धावत नाही.

तरीपण तीन चाकांचा मुद्दा मनातून जाईना. वर्गातील चार पायांचे बाक खडबडीत जमिनीवर डुगडुगते, तिवई कधी डुगडुगत नाही. तीन टेकू कुठल्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. शिवाय पुढे एकच फिरते चाक असले की वळण घेणे सोपे. पुढे दोन फिरती चाके असतील तर एक खड्ड्याकडे आणि एक लादीच्या कडेकडे ओढते, आणि त्यांचे भांडण ढकलणाऱ्याच्या मनगटात येऊन मिटते. हे मनगटाचे वाक्य आम्ही वहीत लिहिले आणि, कबूल करायला लाज वाटते, त्याचा पुरता अर्थ न लावता पान उलटले. तीन चाकांचा तोटाही लिहिला. चौकोनाचे दोन कोपरे गेले की पुढच्या बाजूला आधार निमुळता होतो. पोर तिरके होऊन पुढे झुकले, किंवा वेगात वळण घेतले, तर गाडी कलंडण्याचा संभव अधिक. भरधाव वळणाऱ्या रिक्षात बसलेल्या वसईकराला हे निराळे समजावून सांगायला नको. म्हणून मागची दोन चाके एकमेकांपासून चांगली दूर हवीत, बैठक जमिनीलगत हवी आणि पोराला खांदे, कंबर व मांड्यांमधून धरणारा पाच टोकांचा पट्टा हवाच.

बोरिवलीच्या एका मोठ्या दुकानात आम्ही एकटेच गेलो. तेथील तरुणाने आधी वॉकर पुढे केला. कॅनडाने २००४ सालीच अपघातांमुळे त्याच्या विक्रीवर बंदी घातली, हे आम्ही त्याला सांगितले. तो अदबीने हसला. मग त्याने तीन चाकांची एक आटोपशीर गाडी दाखवली. “अंकल, एका हाताने मिटते,” असे म्हणून त्याने चुटकीसरशी ती मिटवली. मापे आमच्या वहीशी जुळत होती. किंमत अर्ध्या पेन्शनएवढी. आम्ही इसारा देऊन विजयी मुद्रेने घरी आलो.

“एका हाताने म्हणजे कुठल्या?” सौभाग्यवतीने विचारले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, की चला, पाहू तरी. दुकानात तिने त्या तरुणाला बाजूला केले. गाडी मिटवण्यासाठी मुठीवरचे बोंड अंगठ्याने दाबून त्याच वेळी मनगट पिरगाळावे लागत होते. धडधाकट माणसाच्या ते लक्षातही येणार नाही. तिने एकदा प्रयत्न केला, ओठ घट्ट मिटले आणि हात खाली घेतला. ती काही बोलली नाही. आमच्या वहीत चर्चच्या बाजूच्या दाराची रुंदी होती, गटाराच्या जाळीचे माप होते, रिक्षा होती. ज्या हाताने गाडी चालायची, त्या हातासाठी एक ओळ नव्हती.

इसारा परत मिळायचा नव्हता, म्हणून त्याच दुकानात दुसरी गाडी शोधणे भाग होते. आता निवड तिने सुरू केली. ब्रेक पायाने दाबून लागतो, हे ठीक. पण सुटताना तो चवड्याने खालून वर उचलावा लागतो का? चपलेत उघडी बोटे असलेल्या बाईने तो दिवसातून दहा वेळा उचलायचा? असल्या दोन गाड्या बाद. मूठ तिच्या उंचीला खाली येते का? काळे कापड उन्हात तापेल, ते नको. सांध्याच्या बिजागरीत पोराचे बोट जाईल का, हे तिने स्वतःची करंगळी घालून पाहिले. (२००९ साली अमेरिकेत असल्या बिजागऱ्यांत मुलांची बोटे तुटल्यावर सुमारे दहा लाख गाड्यांसाठी आवरणे पुरवावी लागली होती. आम्ही हे वाचले होते. तिने काही वाचले नव्हते.) मग ती शेजारच्या किराणा दुकानातून दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन ये म्हणाली, आणि त्या तरुणाने ती आणली. तांदूळ बैठकीत पट्ट्याने बांधून तिने केवळ डाव्या हाताने गाडी ढकलली, वळवली, पदपथाच्या कडेशी मूठ दाबून पुढचे एकुलते चाक उचलले व वर चढवली. उजवा हात पदरात होता.

तिसऱ्या फेरीला ती थांबली. “ही चालेल,” म्हणाली.

ती गाडी साडेसात किलोंची. चाके आठ इंची, भरीव आणि जाळीत न अडकण्याइतकी रुंद. खचलेल्या लाद्यांवर पुढचे चाक सरळ रोखून धरण्याची खिट्टी. मिटवण्यासाठी बैठकीतली एक पट्टी वर ओढायची. मनगटाला पीळ नाही. मिटली की पट्ट्याने डाव्या खांद्यावर अडकवता येते. मिटलेला आकार रिक्षाच्या मागच्या जागेपेक्षा दोन इंच मोठा निघाला, तेव्हा ती पुढे गुडघ्यांपाशी उभी ठेवावी लागते. त्या दोन इंचांबद्दल आम्ही दुकानातच तोंड उघडले होते. तिने आमच्याकडे असे पाहिले, की मोजपट्टी आपोआप खिशात गेली.

येशूबाळाला घेऊन योसेफ व मरिया रातोरात मिसर देशास निघाले, त्या प्रसंगाचे चित्र आम्ही शाळेत मुलांकडून कितीदा काढून घेतले असेल. प्रत्येक चित्रात गाढव असे. मत्तयच्या शुभवर्तमानात मात्र गाढवाचा उल्लेखच नाही; ते चित्रकारांनी मागाहून आणून बांधले. एवढी लांबची वाट आई लेकराला हातांवर घेऊन कशी चालेल, असे त्यांना वाटले असावे. हे आम्ही घरी बोलून दाखवले. सौभाग्यवती म्हणाली, “गाढव योसेफानं निवडलं असेल, तर मरियेला चालतच जावं लागलं असेल.”

पहिल्या रविवारी मिस्साला जाताना गाडी तिनेच नेली. मुलगा मदतीला पुढे झाला तर त्याला हाताने मागे सारले. मातीच्या पायवाटेवर चाकांनी दोन समांतर रेघा आणि मधे एक नागमोडी रेघ ओढली. जाळी आली तेव्हा आमचाच श्वास अडला. चाके खडखडत पार झाली आणि नात खिदळली. चर्चच्या मुख्य दाराला पायऱ्या आहेत, म्हणून बाजूच्या दाराच्या उतारावरून वर जावे लागले. तो उतार चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी बांधलेला. तेथे काठी घेतलेल्या एका वृद्ध बाईंशी हिची गाठ पडली आणि दोघी मनगटे आणि गुडघे यांवर इतका वेळ बोलत राहिल्या, की प्रवेशगीत संपले. पाळणाघराचा विषय नाताळपर्यंत पुढे ढकलला गेला. त्यानंतर तो कोणी काढल्याचे आम्हाला आठवत नाही.

उतारावर हात सुटला तर गाडी एकटी घरंगळू नये, म्हणून मुठीला बांधून मनगटात अडकवायचा एक पट्टा असतो. आमच्या गाडीला तो नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही पाहिले, तर मुठीला दुहेरी शिवणीची एक निळी पट्टी घट्ट बांधलेली, आणि तिचे दुसरे टोक सौभाग्यवतीच्या डाव्या मनगटात. कापड कोठून आणले, हे आम्ही विचारले नाही. प्लास्टरच्या दिवसांत गळ्यात अडकवायला घेतलेली निळी झोळी मात्र तेव्हापासून कपाटात दिसत नाही.