पंचवीस मशीनची हजेरी

चाकणच्या कारखान्यात आम्ही विंडोज ११ एंटरप्राइज टाकायला घेतलं ते १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख समोर ठेवून. त्यानंतर विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद होणार होते. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेली जुनी मशीन बाजूला काढली, बाकीच्यांवर इन्स्टॉलेशन उरकलं. पण अ‍ॅक्टिव्हेशन एकाचंही होईना.

आमच्याकडे केएमएस सर्व्हर आहे. एकेका मशीनने मायक्रोसॉफ्टकडे जायचं नाही, कंपनीतल्याच या सर्व्हरकडे हजेरी लावायची. मात्र २५ वेगवेगळी मशीन दिसेपर्यंत तो कुणालाच मंजुरी देत नाही. आमची मशीन त्याहून पुष्कळ जास्त, तरी सर्व्हरवरचा आकडा १ वरून हलेना. नेटवर्कवाल्यांनी १६८८ पोर्ट तपासला, फायरवॉल पाहिली. सगळं ठीक. शेवटी दोन मशीनवर ‘एसएलएमजीआर’ ही अ‍ॅक्टिव्हेशन तपासायची आज्ञा चालवून दोन्हींची माहिती शेजारी शेजारी ठेवली. क्लायंट मशीन आयडी दोन्हीकडे तोच! पुरवठादाराने एका मशीनची इमेज काढून, सिसप्रेप न करताच, म्हणजे मूळ मशीनची ओळख न पुसताच, सगळीकडे उतरवली होती. सर्व्हरच्या लेखी ती सगळी मिळून एकच मशीन.

मग नवा आयडी मिळावा म्हणून प्रत्येकाला ‘रीआर्म’ देऊन रीस्टार्ट करणं आलं. शॉप फ्लोअरवरच्यांसाठी शिफ्ट बदलण्याची वेळ धरावी लागली. आकडा २५ ला पोचल्यावर अडलेली मशीन आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होत गेली.

याच धावपळीत एकाने सुचवलं, “साहेब, अ‍ॅक्टिव्हेटर टाकतो, पाच मिनिटांचं काम.” असली टूल्स खोटा केएमएस सर्व्हर उभा करतात आणि आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. कामगारांचा पगार आणि ग्राहकांची ड्रॉइंग ज्या मशीनवर आहेत, तिथे हे होऊ देणं मला कदापि मान्य नव्हतं.

खरेदी विभागाशी मात्र बरंच बोलावं लागलं. स्वस्त म्हणून त्यांनी काही लॅपटॉप होम आवृत्तीचे आणले होते. एंटरप्राइजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेड असतं, त्याच्याखाली प्रोचं रीतसर लायसन्स लागतंच. प्रो असेल तर नुसती की बदलून भागतं, फायली जागच्या जागी राहतात. होमवर आधी प्रो विकत घ्या, म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच गेले. आता मागणीपत्रकातच ‘प्रो’ असं लिहून देतो.

राहिले फिरतीवरचे सर्व्हिस इंजिनिअर. केएमएसची मंजुरी १८० दिवस टिकते, म्हणून त्यांना महिन्यातून एकदा तरी व्हीपीएन लावायला सांगितलंय. जे महिनोन्‌महिने बाहेरच असतात त्यांच्यासाठी थेट मायक्रोसॉफ्टकडे अ‍ॅक्टिव्हेट होणारी वेगळी मॅक (एमएके) की ठेवली आहे. तिची अ‍ॅक्टिव्हेशन मोजकीच असतात, त्यामुळे ती कोणत्या लॅपटॉपला दिली हे रजिस्टरमध्ये लगेच लिहितो.