भरपाई नसलेले अद्भुत

ग्रंथालयाच्या देवघेव विभागात ज्याची हयात गेली आहे त्याला वाचकाच्या मागणीमागची खरी मागणी ओळखण्याची सवय लागते, आणि अलीकडे जी मागणी वारंवार कानी पडते ती अशी : "अद्भुत कादंबरी द्या, पण पोरांची नको, मोठ्यांची द्या." मागणी रास्त आहे. परंतु मोठ्यांची म्हणजे कशी, असे विचारले असता बहुतेकांच्या मनात रक्तपात, कपटकारस्थाने आणि शय्यागृहातील प्रसंग यांचीच यादी असते. जॉर्ज मार्टिन यांच्या १९९६ साली निघालेल्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'च्या दूरचित्रवाणीवरील अवताराने ती समजूत अधिकच दृढ केली आहे. त्या कादंबरीविषयी मला आदर आहे, कारण तिच्यातला सचोटीचा पुरुष सचोटीपायीच प्राणास मुकतो आणि त्याला वाचवण्यास लेखक धावत नाही. तथापि तिच्या अनुकरणाने जी पुस्तके बाजारात आली त्यांतल्या पुष्कळांत क्रौर्य आहे, पण त्या क्रौर्याचा परिणाम मात्र कोणाच्याही पुढल्या आयुष्यावर झालेला दिसत नाही. अशी पुस्तके पन्नाशीच्या माणसाच्या हाती ठेवण्यात त्याचा वेळ जातो, आणि अद्भुताविषयीची त्याची श्रद्धाही जाते.

अद्भुत कादंबरी प्रौढ आहे की नाही हे ठरवताना मी एकच गोष्ट पाहतो : तिच्यातली जादू कोणती हानी भरून काढू शकत नाही. ज्या कथेत मंत्राने मेलेला उठतो, गेलेले राज्य परत मिळते आणि जखमेचा वणही राहत नाही, ती मुलांसाठी उत्तम आहे व मुलांचा तिच्यावर हक्कच आहे. परंतु ज्याने एखादे माणूस कायमचे गमावले आहे अशा वाचकापुढे ती ठेवली, तर तो सौजन्याने चार पाने वाचतो आणि पुस्तक परत करतो.

या कसोटीचे मूळ शोधण्यासाठी परदेशी जावयास नको. काश्मीरच्या राणी सूर्यवतीसाठी अकराव्या शतकात सोमदेवाने जो कथासरित्सागर रचला, त्याच्या आरंभीच गुणाढ्याची कथा आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरचा हा पंडित पैज हरल्यामुळे संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग करून विंध्याच्या अरण्यात जातो आणि पैशाची भाषेत, शाई नसल्यामुळे स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहितो. राजा ती तुच्छतेने परत पाठवतो. मग गुणाढ्य अग्निकुंड पेटवून एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि ज्वाळांत टाकतो. हरणे, रानडुकरे, रेडे चरणे विसरून डोळ्यांत आसवे आणून ऐकत उभी राहतात, त्यामुळे राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस शुष्क होते, राजा आजारी पडतो, आचाऱ्यांची चौकशी होते, आचारी पारध्यांकडे बोट दाखवतात, आणि या तपासाअंती राजा अरण्यात धावत येतो तेव्हा एक लक्ष श्लोक तेवढे शिल्लक असतात. पशूंना रडवणारी ही कथा ऐकताना मूल पशूंकडे पाहते. प्रौढाचे लक्ष जळालेल्या सहा लक्षांकडे जाते, कारण राजाचा पश्चात्ताप खरा असूनही ती पाने कोणी परत आणून देत नाही.

आता प्रत्यक्ष शिफारशीकडे येतो, आणि पहिले नाव निःशंकपणे घेतो ते अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या 'तेहानू'चे. ले ग्विन यांनी १९६८ ते १९७२ या काळात अर्थसी नावाच्या द्वीपमय जगाविषयी तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या किशोरांसाठी होत्या, आणि त्यांतला गेड हा ताम्रवर्णी जादूगार तिसऱ्या ग्रंथाच्या अखेरीस जीवन आणि मृत्यू यांमधले भगदाड बुजवताना आपले सारे सामर्थ्य वेचून टाकतो. कोणत्याही सामान्य लेखकाने कथा तेथेच, त्या उदात्त क्षणी, संपवली असती. ले ग्विन यांनीही ती अठरा वर्षे संपलेलीच ठेवली, आणि १९९० साली सामर्थ्य संपलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचे, या प्रश्नाला हात घातला. 'तेहानू'ची नायिका टेनार ही पूर्वीची अधिदेवतांची पुजारीण आता एका शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा आहे. स्वतःच्याच माणसांनी मारहाण करून आगीत लोटलेली एक पोर तिने सांभाळायला घेतली आहे. पोरीचा अर्धा चेहरा जळाला आहे, एक डोळा गेला आहे, एका हाताची बोटे आखडून पंजासारखी झाली आहेत. त्या जगात मोठमोठे मंत्रज्ञ आहेत, वस्तूंची खरी नावे जाणणारे आहेत, वारा वळवणारे आहेत, परंतु त्या पोरीचा गाल पूर्ववत करील असा एकही नाही. गेड परत येतो तो लज्जेने खचलेला, आणि डोंगरावर शेळ्या राखू लागतो. टेनारचा मुलगा समुद्रावरून येऊन बापाच्या शेतावर हक्क सांगतो व घरकाम हे बायकांचेच, असे गृहीत धरतो. जादूच्या कादंबरीत धुणीभांडी, कपडे शिवणे, पोरीला घराबाहेर पडण्याचे धैर्य देणे, हेच कथानक होऊन बसते. गेडला असे दीन का केले, अशी तक्रार करणारे वाचक मला भेटतात, आणि ते बहुधा तरुण असतात. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या आईबापांची सेवा केली आहे, अथवा अधिकाराची जागा सोडून जे नुकतेच घरी बसू लागले आहेत, त्यांच्याकडून ही तक्रार मी अद्याप ऐकलेली नाही. पहिले तीन ग्रंथ वाचल्याविना मात्र हे पुस्तक घेऊ नये. गेडने काय गमावले हे ठाऊक असल्याखेरीज त्याचे शेळ्या राखणे कळत नाही.

दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले आमचे एक सभासद अद्भुताला पोरखेळ मानीत. त्यांना मी होप मिर्लीस यांची १९२६ सालची 'लड-इन-द-मिस्ट' दिली. डोरिमेर नावाच्या सुखवस्तू, व्यापारी राज्यात सरहद्दीपलीकडच्या परीराज्यातून एक फळ चोरून येते. ते खाल्लेला माणूस नाचतो, गातो, झुरतो, आणि पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही. त्या फळाचे नाव घेणेही अशिष्ट असल्यामुळे कायद्याने ते रेशीम ठरवून टाकले आहे, आणि चोरट्यांवर खटले चालतात ते रेशमाच्या चोरट्या आयातीचे. पुढे नगराध्यक्ष नॅथॅनियल चाँटिक्लिअर यांच्यावरच बालंट येते आणि त्यांना कायद्याच्या दृष्टीने मृत ठरवण्यात येते; जिवंत माणूस दप्तरात मेलेला होतो. शिरस्तेदारसाहेबांनी पुस्तक परत करताना एवढेच म्हटले, "अहो, हे सारं मी पाहिलंय." जे नको आहे त्याला दुसरे नाव देऊन समाज कसा निश्चिंत होतो, आणि त्या निश्चिंतीची वसुली अखेर स्वतःच्याच मुलांकडून कशी होते, हे इतक्या लावण्यमय गद्यात सांगणारी दुसरी कादंबरी मला माहीत नाही. १९७० साली एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेने प्रौढांसाठी काढलेल्या अद्भुत-मालेत ती पुन्हा निघाली तेव्हा लेखिका हयात होती, तरी तिची अनुमती घेतली गेली नव्हती. या कादंबरीनंतर तिने दुसरी कादंबरी लिहिली नाही.

टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची शिफारस करण्याचे कारण पडत नाही. ती पुन्हा वाचण्याची शिफारस मात्र करावी लागते. १९१६ साली सोमच्या रणांगणावर असलेल्या आणि युद्ध संपेपर्यंत एक वगळता सारे जिवलग मित्र गमावलेल्या माणसाने ती लिहिली आहे, हे ध्यानी ठेवून शेवटची प्रकरणे वाचावीत. मुद्रिका नष्ट करण्याच्या क्षणी नायक फ्रोडोचे मन ढळते. पुढे राज्य सुरक्षित होते, मित्रांची लग्ने होतात, बागा पुन्हा फुलतात, पण ऑक्टोबरच्या सहाव्या तारखेस त्याच्या खांद्याची जुनी जखम उठते ती उठतेच. विसाव्या वर्षी या मजकुरावरून माझी नजर सरसर पुढे गेली होती.

त्याच वंशातली, पण अधिक राजकीय जाणिवेची कादंबरी म्हणजे कॅनडाचे गाय गॅव्हरिएल के यांची १९९० सालची 'टिगाना'. युद्धात पुत्र गमावलेला जादूगार राजा सूड म्हणून एका प्रांताचे नावच पुसतो : त्या भूमीत जन्मलेल्यांखेरीज कोणालाही ते नाव ऐकूसुद्धा येत नाही, आणि ती पिढी मेली की नावही मरणार. कोयनेच्या जलाशयाखाली ज्यांचे गाव गेले अशा एका कुटुंबातील बाईंना मी ही दिली, आणि त्यांनी ती मुदत वाढवून वाढवून ठेवून घेतली. मला स्वतःला तिच्यातले सर्वांत मोठे धैर्य हे वाटते की तो राजा शोकाकुल बापच आहे आणि लेखक आपल्याला त्याचा निर्भेळ द्वेष करू देत नाही.

मर्विन पीक यांच्या 'टायटस ग्रोन' (१९४६) व 'गॉर्मेनघास्ट' (१९५०) यांत जादू औषधालाही नाही. आहे तो एक अवाढव्य, ढासळता किल्ला आणि ज्यांचा हेतू कोणालाही आठवत नाही असे त्याचे नित्यविधी. घाईच्या वाचकाने त्यांच्या वाटेस जाऊ नये. ज्याने एखाद्या जुन्या संस्थेत अथवा कुळाचारांनी जखडलेल्या घरात वर्षे काढली आहेत त्याने त्या रात्री तीस-तीस पानांनी वाचाव्यात.

मराठीचे काय, हा प्रश्न मला छळतो. आपल्या कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुताचा मोठा अंमल होता : हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. परंतु त्यांत सद्गुणांची भरपाई अखेरीस पैपैने चुकती होते, आणि पुढे वास्तववादाचा अंमल बसल्यावर अद्भुत बालवाङ्मयाच्या कोठडीत गेले ते बव्हंशी तेथेच राहिले. जी. ए. कुलकर्णी यांनी 'रमलखुणा'तील (१९७५) 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथांत परक्या नावांची, कोणत्याही नकाशावर नसलेली भूमी उभी केली. तिथे नियतीपुढे कोणतीही विद्या चालत नाही. इंग्रजी न वाचणाऱ्या सभासदांना मी तेच पुस्तक देतो, आणि ते वाचून झाल्यावर "याच्यासारखी मोठी कादंबरी आहे का?" असे कोणी विचारले तर माझ्या कपाटात देण्यासारखे फार थोडे असते. चक्रधरांच्या लीळा, वेताळाचे निरुत्तर करणारे प्रश्न, कोकणातली राखणदारांची श्रद्धा ही सामग्री ज्या भाषेच्या घरात आहे, तिच्यात प्रौढांची पाचशे पानांची अद्भुत कादंबरी होऊ शकत नाही, हे मी मान्य करणार नाही. अशी कादंबरी निघाली तर तिच्या तीन प्रती घ्याव्यात, असा लेखी प्रस्ताव मी ग्रंथनिवड समितीपुढे ठेवीन.